विषाची मात्रा आणि अन्नातील धातू

नुंगंबाक्कम हा आज चेन्नई शहराचा अत्यंत गजबजलेला भाग आहे. परंतु १७०८ साली मद्रासच्या परिसरातील जी पाच गावे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली, त्यांत नुंगंबाक्कम हे एक होते आणि त्याच्या कडेला विस्तीर्ण तळे होते. ते तळे केव्हाच बुजले व त्याच्या जागी वस्ती उभी राहिली. शेती गेली, पण शेतीचा जुना शत्रू जो कीटक, त्याचा अभ्यास मात्र या भागाने सोडला नाही. १९२५ साली स्थापन झालेल्या येथील लोयोला महाविद्यालयात कीटकशास्त्राची एक संशोधनसंस्था आहे. तिचा पाया प्राध्यापक टी. एन. अनंतकृष्णन यांनी १९६३ मध्ये घातला. फुलकिडे या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कीटकवर्गाचे ते मोठे जाणकार म्हणून ओळखले जात.

कीटकांचा अभ्यास करणाऱ्यापुढे आज ना उद्या दोन प्रश्न उभे राहतात. कीटक कशाने मरेल, हा पहिला. आणि त्याच द्रव्याने माणसाला कितपत इजा होईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कीटकावरच प्रयोग करून मिळते. दुसऱ्याचे उत्तर माणसावर प्रयोग करून मिळवता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर पुढे केला जातो. या उंदराने दिलेले उत्तर खेड्यापाड्यांतील प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती पडते, फक्त ते उंदराचे आहे हे त्याला ठाऊक नसते. कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात व खालच्या त्रिकोणाला रंग दिलेला असतो. भारताच्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे रंग ठरवून दिले. तांबडा रंग अत्यंत विषारी द्रव्यांचा. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. पोटात गेलेल्या ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर डब्यावर तांबडा त्रिकोण येतो. ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा आणि त्यापलीकडे हिरवा.

निम्मे प्राणी मारणारी मात्रा मोजण्याची ही पद्धत ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली सुचविली. त्याचा मूळ हेतू डिजिटॅलिससारख्या औषधांची शक्ती काटेकोरपणे ठरविण्याचा होता. पद्धत सोयीची होती; तिने विषांना एका ओळीत उभे केले. परंतु सोयीच्या आकड्याचा एक धोका असतो. आकडा डब्यावर छापला की तो डब्यातील द्रव्याचाच गुण आहे असे वाटू लागते. वस्तुतः तो विष आणि देह या दोघांच्या गाठीभेटीचा आकडा आहे. देह बदलला तर आकडाही बदलतो. अमेरिकेत गेन्स यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत पॅराथिऑन या कीटकनाशकाची निम्मे प्राणी मारणारी मात्रा नर उंदरांत दर किलोमागे १३ मिलिग्रॅम आली, तर माद्यांत केवळ ३.६. विष तेच, प्राण्याची जात तीच. फरक एवढाच की एक नर आणि दुसरी मादी. मग ज्या देहात अन्नाची उणीव आहे, त्याचे काय?

हा प्रश्न समजण्यासाठी विष देहात शिरल्यावर काय घडते हे पाहिले पाहिजे. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप जातो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याच्या मार्फत. निरोप पोचताच ते द्रव्य मोडून टाकावे लागते, नाही तर स्नायू आखडलेलाच राहील. हे मोडण्याचे काम एक विकर करते. विकर म्हणजे देहातील रासायनिक क्रिया त्वरेने घडवून आणणारे प्रथिन. पॅराथिऑन व त्याच्या कुळातील सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे नेमक्या याच विकराला जखडून टाकतात. कीटकातही हे विकर असते आणि माणसातही. म्हणूनच जे किडीला मारते, ते फवारणाऱ्याला सोडत नाही. परंतु पॅराथिऑन पोटात गेल्यागेल्या तितकेसे घातक नसते. यकृतातील लोहयुक्त विकरे त्याचे रूपांतर पॅराऑक्सॉन या खऱ्या विषात करतात. उलट दुसरी विकरे त्याच पॅराऑक्सॉनचे तुकडे करून त्याला निर्विष करतात. म्हणजे एकाच देहात विषाला धार लावणारेही आहेत आणि ती बोथट करणारेही आहेत. कोणाची सरशी होते, यावर प्राण ठरतात.

या झुंजीत भाग घेणाऱ्या अनेक विकरांच्या गाभ्याशी धातूचा एखादा अणू बसलेला असतो. कोठे लोह, कोठे तांबे, कोठे जस्त, कोठे मँगनीज. सेलेनियम हे काटेकोर अर्थाने धातू नव्हे, तरी तेही याच पंक्तीत बसते. ही द्रव्ये देहाला अगदी अल्प प्रमाणात लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. त्यांपैकी जस्त दिवसाकाठी काही मिलिग्रॅम पुरते, तर सेलेनियम त्याहूनही कितीतरी कमी. परंतु कुलपाची किल्ली लहान असते म्हणून ती अनावश्यक ठरत नाही. किल्ली हरवली की कुलूप तसेच राहते. त्याचप्रमाणे खनिज न मिळाल्यास विकराचे प्रथिन असून नसल्यासारखे होते.

सेलेनियमची कथा या दृष्टीने फार बोधप्रद आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात काही जमिनींत सेलेनियम विपुल होते. तेथील गवत व धान्य खाऊन गुरे लुळी पडत आणि घोड्यांचे खूर गळून पडत. त्यामुळे सेलेनियमला प्रथम विष म्हणूनच ओळखले गेले. मॉक्सन या संशोधकाने १९३८ साली असे दाखविले, की सेलेनियमयुक्त धान्य खाणाऱ्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात किंचित सोमल घातला, तर त्यांचे यकृत वाचते. सोमल म्हणजे आर्सेनिक. त्या काळी फळबागांवर फवारले जाणारे शिशाचे आर्सेनेट हे याच विषाचे संयुग. एका विषाने दुसऱ्या विषाचा उतारा व्हावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटली असेल. पुढे कळले, की सोमलामुळे सेलेनियम यकृतातून पित्तावाटे बाहेर टाकले जाते. परंतु यावरून सोमल हा सेलेनियमचा नेहमीचाच उतारा होय असे कोणी म्हणू लागेल, तर तेही चूक. सेलेनियमच्या एका वेगळ्या, मेथिलयुक्त संयुगावर १९७१ साली तोच प्रयोग केला, तेव्हा सोमलामुळे त्या संयुगाचे विष कमी न होता उलट वाढले. द्रव्याचे नाव तेच राहिले तरी रूप बदलले, की शत्रूचा मित्र व मित्राचा शत्रू होतो.

दरम्यान १९५७ साली क्लाउस श्वार्त्स यांनी सेलेनियमची दुसरी बाजू उजेडात आणली. टोरुला जातीच्या यीस्टवर पोसलेल्या उंदरांचे यकृत सडून ते मरत; आहारात सेलेनियमचा अत्यल्प अंश मिसळला की ते जगत. जे विष म्हणून बदनाम होते, तेच जीवनावश्यक ठरले. १९७३ साली त्याचे कारणही सापडले. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाच्या विकराच्या गाभ्यात सेलेनियम असते, आणि ऑक्सिजनपासून उत्पन्न होणाऱ्या दाहक द्रव्यांचे शमन करणे हे त्या विकराचे काम आहे.

येथे सेलेनियमची गाठ पॅराक्वॉट या तणनाशकाशी पडते. पॅराक्वॉट देहात गेल्यावर स्वतः फारसे खर्ची पडत नाही. ते पेशीतील एक इलेक्ट्रॉन उचलते, ऑक्सिजनच्या हवाली करते आणि दुसरा उचलावयास पुन्हा मोकळे होते. या अखंड फेऱ्यांतून ऑक्सिजनचे दाहक रूप निर्माण होत राहते व विशेषतः फुप्फुसांची हानी होते. अमेरिकेतील बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली सेलेनियमचा तुटवडा असलेल्या उंदरांना पॅराक्वॉट व त्याचे भावंड डायक्वॉट दिले. पुरेसे सेलेनियम मिळालेल्या उंदरांच्या मानाने या उंदरांच्या यकृताचा नाश कितीतरी अधिक झाला. तरीही एक शंका उरत होती. सेलेनियम देहात अनेक कामे करते. मग संरक्षण त्या एका विकरामुळेच होते कशावरून? कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली या शंकेचे निरसन केले. ते विकर बनविण्याची आनुवंशिक क्षमताच काढून टाकलेले उंदीर त्यांनी घेतले. या उंदरांना सेलेनियम खाऊ घातले तरी पॅराक्वॉटपुढे त्याचा उपयोग होईना. किल्ली होती, कुलूपच नव्हते.

मग खनिज जितके अधिक तितके संरक्षण अधिक, असा सरळ हिशेब मांडता येईल काय? जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील कोहेन आणि शेव्हियॉन यांच्या १९८५ च्या प्रयोगाने याचे उत्तर नकारार्थी दिले. पॅराक्वॉट दिलेल्या उंदरांना लोह दिले, तेव्हा विषबाधा वाढली. आणि लोहाला पकडून ठेवणारे डेस्फेरिऑक्झामिन हे औषध दिले, तेव्हा ती कमी झाली. याचे कारण असे, की मोकळे लोह दाहक ऑक्सिजनाचे रूपांतर त्याहूनही दाहक द्रव्यात करते. जे लोह रक्तात प्राणवायू वाहून नेते, विकरांना कामास लावते, तेच अवेळी व अस्थानी मोकळे सुटले की विषाच्या पक्षाला जाऊन मिळते. थायरम, झायरम इत्यादी बुरशीनाशकांच्या कुळात, म्हणजे डायथायोकार्बामेटांत, याहून निराळा प्रकार आढळतो. ही द्रव्ये तांब्याला पकडतात आणि त्याच्याशी स्निग्ध पदार्थात विरघळणारे संयुग बनवितात. मज्जासंस्था ही स्निग्धांशाने भरलेली. त्यामुळे या कुळातील द्रव्ये दिलेल्या उंदरांच्या मेंदूत व मज्जातंतूंत तांब्याचा साठा वाढलेला दिसून आला. येथे खनिज विषाला अडवीत नाही; विषच खनिजाचे वाहन होऊन त्याला नको त्या जागी नेऊन सोडते.

भारतातही या विषयावर काम झाले आहे. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील धवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आठ आठवडे विष दिलेल्या उंदरांच्या यकृतातील स्निग्धांशाचे ज्वलन वाढले व संरक्षक विकरांचा तोल ढळला. ज्यांना विषाबरोबर पाण्यातून जस्त दिले, त्यांच्यात ही हानी पुष्कळ कमी होती आणि यकृताची रचना बऱ्याच अंशी पूर्ववत् राहिली. निष्कर्ष आशादायक आहे. पण त्यात दिलेल्या जस्ताचे प्रमाण दृष्टीआड करून चालणार नाही. एक लिटर पाण्यात २२७ मिलिग्रॅम जस्त होते. असे पाणी माणूस रोज दोन लिटर प्याला, तर त्याच्या पोटात साडेचारशे मिलिग्रॅम जस्त जाईल. आणि अमेरिकन आहारतज्ज्ञांनी प्रौढ माणसासाठी घालून दिलेली दैनंदिन कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. त्यापलीकडील जस्त दीर्घकाळ घेतल्यास देहातील तांबे घटू लागते. उंदरावरील प्रयोग एखादी क्रिया कशी घडते हे दाखवितो. औषधाची पुडी बांधून देत नाही.

अन्नातील खनिजे बाहेरून आलेल्या विषाचे परिणाम बदलतात, याचा एक दाखला माणसांतही मिळतो. आणि तो मराठी माणसाच्या नेहमीच्या ज्वारीशी निगडित आहे. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यात पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. हे फ्लोराइड कीटकनाशकाच्या डब्यातून आलेले नव्हे. ते खडकांतून पाण्यात उतरलेले. पण ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या तेथील तरुणांचे गुडघे आत वळलेले आढळले, आणि कृष्णमाचारी व कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ साली हा विकार शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील देवस्थळे यांनी बाधित गावांतील ज्वारीत मॉलिब्डेनमचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले. देवस्थळे व गोपालन यांच्या १९७४ च्या प्रयोगांत असेही दिसले होते, की मॉलिब्डेनम अधिक असलेली ज्वारी खाणाऱ्या माणसांच्या मूत्रावाटे तांबे अधिक प्रमाणात बाहेर जाते. जमिनीतील एक खनिज धान्यात शिरते, धान्यातून देहात येते, तेथील दुसऱ्या खनिजाला हुसकावते, आणि तिसऱ्या द्रव्याच्या विषाला वेगळे वळण लागण्याचा संभव निर्माण होतो.

जमीन, धान्य व देह यांची ही साखळी तुटलेली असते तेव्हा काय होते, याची जाणीव पिकांनी माणसाच्या बरोबरीने करून दिली. उत्तरेकडील तराई प्रदेशात भाताची पाने तांबूस होऊन रोपे खुरटत. १९६६ च्या सुमारास पंतनगर येथील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिले, की हा खैरा रोग कोणत्याही जंतूमुळे नव्हे, तर जस्ताच्या अभावामुळे होतो. माणसातील जस्ताचा अभाव भारतीय वंशाचे वैद्य आनंद प्रसाद यांनी १९६१ साली इराणातील खुरटलेल्या तरुणांत ओळखला. त्यांचे जेवण म्हणजे मुख्यतः गव्हाची भाकरी. धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य जस्त व लोह यांना बांधून ठेवते, म्हणून केवळ भाकरीवर पोट भरणाऱ्याच्या अंगी ही खनिजे नीट लागत नाहीत. लोहाची स्थिती तर आकड्यांनीच सांगितली आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. निंदणी, खुरपणी व कापूसवेचणी याच वर्गातील हातांनी होते.

आता डब्यावरच्या त्रिकोणाकडे पुन्हा वळून पाहावे. ज्या उंदरावरून त्याचा रंग ठरतो, तो निरोगी असतो. त्याच्या आहारात प्रथिने, जीवनसत्त्वे आणि प्रत्येक खनिज मोजूनमापून घातलेले असते. तो सावलीत, ठरावीक उष्णतेत राहतो आणि एका वेळी एकच विष घेतो. फवारणी करणारा मजूर यांपैकी कशातच त्याच्यासारखा नसतो. कॅनडातील बॉइड यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रथिनहीन आहारावरील उंदरांना कॅप्टन हे बुरशीनाशक दिले, तेव्हा त्याची मारकता कित्येक पटींनी वाढलेली आढळली. म्हणजे तेच द्रव्य उपाशी उंदराच्या बाबतीत वेगळ्याच रंगाच्या त्रिकोणाचे धनी ठरले असते.

विषबाधेची दोन उदाहरणे या देशाने कधी विसरू नयेत. १९५८ साली केरळात शंभराहून अधिक माणसे पॅराथिऑनमिश्रित अन्नाने मृत्युमुखी पडली. जहाजातून धान्याच्या पिठाबरोबरच हे विषही आणले गेले होते आणि ते पिठात मिसळले. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. दुसरे उदाहरण २०१७ चे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती, विषांची मिश्रणे वापरली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते. या मृत्यूंचे कारण खनिजांच्या उणिवेत शोधणे म्हणजे विष विकणाऱ्याची, त्यावर देखरेख ठेवणाऱ्याची व मजूर लावणाऱ्याची जबाबदारी मृतांच्याच ताटावर ढकलणे होईल. प्रयोगशाळेतील उंदीर तसे काही सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की सुरक्षिततेची मर्यादा धडधाकट देहावरून ठरवली असेल, तर दुबळ्या देहासाठी ती पुरेशी धरता येत नाही. मर्यादा आखणाऱ्याने सर्वांत दुबळा फवारणारा डोळ्यांपुढे ठेवावा.

यातून दोन कर्तव्ये निघतात. जस्ताची किंवा सेलेनियमची गोळी घेऊन फवारणीस निघणे हा उपाय नव्हे. हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याच्या दिशेचे भान आणि काम संपताच साबणाने स्नान यांची जागा कोणतेही खनिज घेऊ शकत नाही. परंतु भाकरीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी आणि जमेल त्याला दूध, अंडे वा मासे मिळणे, हे केवळ पोटाचे सुख नसून देहाच्या तटबंदीची डागडुजी आहे. पहिले कर्तव्य मालकाचे व शासनाचे. दुसरे सर्व समाजाचे.

तिसरा मार्ग विषच सौम्य करण्याचा. नुंगंबाक्कमच्या त्याच संस्थेत पुढील काळात इग्नासीमुत्तु यांच्या मार्गदर्शनाखाली कडुलिंब आणि करंज यांच्या तेलांपासून ‘पोन्नीम’ नावाचे कीटकनाशक तयार करण्यात आले. वनस्पतीपासून निघाले म्हणून ते निर्धोकच, असे गृहीत धरणे भोळेपणाचे ठरेल. त्याचीही परीक्षा उंदरावर व्हावयाचीच. मात्र जेथे एके काळी तळ्याकाठी शेती होती, तेथे बसून कीड मरावी आणि शेतकरी जगावा यासाठी कोणी धडपडावे, यात औचित्य आहे. कारण अखेर विषाची मात्रा डब्यावर छापली जाते खरी, पण तिचा निवाडा होतो तो फवारणाऱ्याच्या देहात. आणि तो देह सकाळी काय खाऊन शेतावर आला आहे, हे डब्यावर लिहिलेले नसते.